'ठीक' ही भावना नाही

भावना ओळखण्यात आपल्या दुसरीच्या वर्गाचा हात धरणारा वर्ग अख्ख्या डुलुथ गावात नाही, असं सगळेच म्हणत. सगळे म्हणजे मार्लिसबाई.

त्यांच्या वर्गात एक शांत कोपरा होता. तिथे गुबगुबीत बीनबॅग, कापसाचं सांबर आणि वाळूचं घड्याळ. ज्याचं काही बिनसलं असेल त्या मुलाने तिथे बसायचं, सांबर मांडीवर घेऊन खरं ते बोलायचं, आणि वाळू सरेपर्यंत कुणी त्याला उठवायचं नाही. फळ्यावर कायमचं लिहिलेलं: 'ठीक' ही भावना नाही. हे जरा धाडसच, कारण डुलुथ ज्या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात आहे, तिथल्या माणसाच्या पायावरून ट्रक गेला तरी तो 'ठीक आहे' म्हणतो, वर ट्रकवाल्याची माफी मागतो.

बाईंचं हे सगळं निव्वळ बालकल्याणासाठी चाललं होतं. फक्त मुख्याध्यापक डाल्केसरांनी एक शब्द दिला होता. जिल्हा कचेरीतले स्टेनरुडसाहेब वर्ग पाहून खूश झाले, तर या हिवाळ्यात बाईंना मधल्या सुट्टीत मैदानावर उभं राहायला नको. ते मैदान म्हणजे गावालगतच्या तळ्यावरचा बोचरा वारा, पापण्यांवर बर्फ, आणि शिट्टी एकदा ओठाला चिकटली की थेट वसंतात सुटायची.

साहेब आले. मुलांनी ठरल्याप्रमाणे लांब श्वास घेतले, लांब सोडले. साहेबांनी मान डोलावली. बाईंना उबदार हिवाळा दिसू लागला.

तेवढ्यात पाहुआ वांग नावाची चिमुरडी साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हाला कसं वाटतंय?"

"ठीक."

सगळा वर्ग फळ्याकडे बघू लागला.

"बरं, मजेत," साहेब म्हणाले.

"मग जबडा का आवळलाय?" पाहुआने विचारलं. "कानपण लाल झालेत."

बाईंनी भुवयांनी, मग डोळ्यांनी, शेवटी खोकून खुणा केल्या. पण समोरच्याला एकटं सोडायचं नाही, हेही बाईंनीच शिकवलेलं. पोरांनी साहेबांना हाताला धरून कोपऱ्यात नेलं. साहेब बीनबॅगमध्ये बसले ते बसलेच. चिखलात म्हैस रुतावी तसे रुतले. मांडीवर सांबर आलं. घड्याळ उलटं झालं.

साहेबांनी सांबराचे कान सरळ केले. मग साहेब सांबराला म्हणाले, "काल कचेरीत मुख्याध्यापकांच्या बैठकीला सगळ्यांनी घरून जेवण आणलं होतं. मी हॉटडिश नेली होती. आईच्या रीतीने भट्टीत भाजलेली, खाली खिमा, वर बटाट्याचे गोळे. कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही. एक जण तर म्हणाला, 'वेगळीच आहे हो.'"

मुलांनी श्वास रोखला. मिनेसोटात याहून जहरी शिवी नाही.

"कोण म्हणालं?" पाहुआने हळूच विचारलं.

साहेबांनी दाराकडे पाहिलं. दारात डाल्केसर उभे होते.

बाईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे मैदान दिसलं. डोळे उघडले तेव्हा पोरं डाल्केसरांना साहेबांशेजारी त्याच बीनबॅगमध्ये जागा करून देत होती. सर म्हणाले, मी ठीक आहे. पोरांनी फळा दाखवला. सर बसले. सांबर हाती आल्यावर त्यांनी कबूल केलं, की आपल्या वाट्याची हॉटडिश त्यांनी रुमालात गुंडाळून कुंडीत पुरली होती. साहेब आधी रडले, मग हसले, मग दोघं मिळून असे हसले की घड्याळ पुन्हा उलटं करावं लागलं.

"अद्भुत!" दोन मुलांनी हात धरून ओढल्यावर साहेब उठून म्हणाले. "हा कोपरा खरा हवा तिथे, जिथे भांडणं होतात. मैदानावर! उद्यापासून, सगळा हिवाळा. आणि सांभाळणार कोण, तर अर्थात मार्लिसबाई."

टाळ्या वाजल्या. पाहुआने बाईंचा हात धरला.

"बाई, तुम्हाला कसं वाटतंय?"

"ठीक," बाई म्हणाल्या.

पोरांनी त्यांना लगेच कोपऱ्याकडे नेलं. पण तिथे जागा नव्हती. डाल्केसरांची वाळू अजून सरायची होती.