सहावी बशी

वस्तू जपण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही. टीव्हीचा रिमोट आमच्या घरात आला त्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. त्यावरची बटणं आता दिसत नाहीत, ही गोष्ट वेगळी. लग्नात मिळालेलं घड्याळ मी इतकं जपून ठेवलं, की ते कुठे ठेवलंय हे मलाही आठवत नाही. सोफ्याला खोळ आहे, खोळीवर चादर आहे, आणि चादर मळू नये म्हणून तिच्यावर शक्यतो कोणी बसू नये असं माझं मत आहे. बायको याला खोड म्हणते, मी गुण म्हणतो. आमच्या गच्चीवर जे झालं त्यानंतरही मी गुणच म्हणतो, फक्त जरा हळू आवाजात.

माझी बायको आणि सासूबाई मिळून लाँड्री चालवतात. खाली दुकान, दुकानामागे धुण्याची मशीनं आणि इस्त्रीचं टेबल, वर आमचं घर आणि घरावर गच्ची. मी विम्याच्या कचेरीत आहे. लोकांच्या वस्तूंचं नुकसान होऊन गेलं की त्याचे कागद माझ्या टेबलावर येतात, म्हणून नुकसान व्हायच्या आधीच काळजी घ्यावी हे माझ्या अंगात मुरलेलं आहे.

गच्चीवर दोऱ्यांवर कपडे वाळतात. आभाळ जरा काळवंडलं की सासूबाई हातातलं टाकून जिने चढायच्या. गुडघे कुरकुर करायचे, पण त्या थांबायच्या नाहीत. दुपारी अंथरुणावर पाठ टेकली की त्यांचा एक डोळा खिडकीकडे. मध्यंतरी आम्ही गच्चीला रुळांवर सरकणारं छप्पर बसवून घेतलं. बटण दाबलं की मोटर घरघरते आणि छप्पर कपड्यांवर येतं. पण बटण गच्चीत, आणि ते दाबायला जाणार कोण? पुन्हा सासूबाईच!

एकदा गुडघ्याला तेल लावता लावता त्या म्हणाल्या, "मेल्यावर निवांत झोपायचंच आहे. पण एखादी दुपार जिवंतपणी मिळाली असती तर बरं झालं असतं."

त्या हे मला उद्देशून बोलल्या नव्हत्या. पण जावई म्हणून काही कर्तव्य असतं! मी त्याच आठवड्यात दोन सेन्सर मागवले आणि स्वतःच्या हातांनी गच्चीच्या कठड्यावर लावले. एक तापमानाचा. ऊन फारच तापलं तर रंगीत कपडे विटू नयेत म्हणून छप्पर आपोआप बंद व्हावं, ही त्यात मी घातलेली भर. दुसरा पावसाचा. बोटाएवढी पट्टी, तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा. थेंब पडला की छप्पर बंद. सगळी खबर फोनवर. सासूबाईंसमोर मी पट्टीवर मगभर पाणी ओतून दाखवलं. छप्पर घरघरत आलं. सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही शिकलेले आहात म्हणतात ते खरं दिसतंय."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि छप्पर बंद झालं. ढग आले, छप्पर उघडलं. पुन्हा ऊन, पुन्हा बंद. कपड्यांना उन्हाचं दर्शन म्हणून होईना. फोन सांगत होता, तापमान अठ्ठावन्न. सासूबाई पुन्हा जिने चढू लागल्या, पूर्वी छप्पर बंद करायला जायच्या, आता उघडायला. शेवटी मी सेन्सरच्या दुकानदाराला फोन लावला. त्याने विचारलं, कुठे लावलाय? मी अभिमानाने म्हटलं, छान उन्हात.

"साहेब, तुम्हाला हवेचं तापमान मोजायचंय की सेन्सरचं?" तो म्हणाला. "ऊन अंगावर पडलं की तो तापणारच. त्याला सावली द्या, पाऊस लागू देऊ नका, पण वारा खेळू द्या."

पांढऱ्या खोलगट ताटल्या उलट्या करून, मध्ये फटी ठेवून, एकीवर एक अशा बसवायच्या आणि सेन्सर आत लटकवायचा, अशी युक्तीही त्याने सांगितली. सावली द्या, पाऊस लागू देऊ नका, वारा खेळू द्या! आयुष्यभर मी जे करत आलो ते कोणीतरी पहिल्यांदाच माझ्याकडून मागत होतं. मला अगदी भरून आलं.

आता पांढऱ्या खोलगट ताटल्या कुठून आणायच्या? आमच्या कपाटात वरच्या फळीवर सासूबाईंच्या सहा बशा असतात. न फुटणाऱ्या, पांढऱ्याशुभ्र, खास पाहुण्यांसाठी. इतक्या खास, की त्यांच्या योग्यतेचा पाहुणा बरीच वर्षं आलेलाच नव्हता. मी मनाशी म्हटलं, नुसत्या पडून आहेत, चांगल्या कामी लागतील. चारांच्या मधोमध गोल भोक पाडलं, पाचवी टोपीसारखी वर ठेवली, मध्ये जुन्या पेनांच्या नळ्या कापून घातल्या, सगळं लांब स्क्रूंनी कसलं आणि सेन्सर आत सोडला. दुपारी फोनवर तापमान आलं तेहतीस. छप्पर उघडं, ऊन आत, कपडे कडकडीत. सासूबाई त्या दुपारी चक्क झोपल्या. खालच्या दुकानात घोरण्याचा आवाज आला तेव्हा बायको इस्त्री हातात धरून उभी राहिली आणि वर बघून हसली. ती तशी हसली की मला काहीही करावंसं वाटतं.

म्हणून मी संध्याकाळी पुन्हा गच्चीत गेलो. तापमानाचा सेन्सर पाच बशांच्या सावलीत राजासारखा बसला होता, आणि शेजारी तो पावसाचा बिचारा, बोटाएवढा, उन्हात उघडा! तांब्याच्या रेघांवर हिरवट डाग पडू लागले होते. एक तुपाशी आणि दुसरा उपाशी, हे माझ्याच्याने बघवेना. मी खाली गेलो, सहावी बशी आणली, तारेचे तीन पाय केले आणि ती त्याच्यावर उलटी बसवली. नीट, ऐसपैस. चारी बाजूंनी वारा खेळेल पण पाण्याचा एक थेंब आत जाणार नाही अशी.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

पलीकडच्या रस्त्यावर मोठी नवी लाँड्री निघाल्यापासून आमचं गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळत होतं. बायको बोलत नसे, पण रिकाम्या दोऱ्या दिसत होत्याच. अशात एका हॉटेलच्या बाईंनी चादरी पाठवल्या. हॉटेलातल्या सगळ्या खोल्यांची जबाबदारी या बाईंकडे. पहिली खेप नमुन्यादाखल. पसंत पडली तर सगळं हॉटेल आमचं, नाही तर पलीकडचा रस्ता आहेच. बायकोने त्या चादरी अशा धुतल्या की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. सुट्टीचा दिवस होता, मी घरीच होतो. चादरी गच्चीत वाळत होत्या, सासूबाई झोपल्या होत्या आणि काम कसं चालतं ते बघायला बाई स्वतः दुकानात आल्या.

बाई कमी बोलणाऱ्या. काउंटरवरून बोट फिरवायचं आणि बोटाकडे बघायचं, अशी पद्धत. बायको त्यांना मशीनं दाखवत होती, तेवढ्यात खिडकीवर टपटप सुरू झाली. बायकोने मान वर केली.

"अहो, पाऊस आला वाटतं."

मी फोन काढला. स्पष्ट लिहिलं होतं, पाऊस नाही. तसं मी तिला दाखवलं. ती म्हणाली, मग खिडकीवर काय पडतंय? मी म्हटलं, शेजारचे झाडांना पाणी घालत असतील. बाहेरून एक माणूस डोक्यावर पिशवी धरून पळत गेला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माणूस घाईत असेल. आणि बाईंना समजावून सांगितलं, की आमच्याकडे अंदाजपंचे कारभार नाही. सेन्सर आहेत, थेंब पडला की छप्पर आपोआप बंद होतं, आणि सेन्सरनाही ऊनपाऊस लागू नये अशी मी स्वतः व्यवस्था केलेली आहे.

हे शेवटचं वाक्य ऐकून बाईंच्या कपाळावर एक आठी पडली. मला ती कौतुकाची वाटली.

"बघू या," बाई म्हणाल्या.

आम्ही वर निघालो. पुढे मी, मागे बाई, त्यांच्यामागे बायको. आमची चाहूल लागून सासूबाईंना जाग आली. खास पाहुणी आली हे कळताच त्या बिस्किटांचा पुडा शोधत स्वयंपाकघरात गेल्या. जिन्यात पावसाचा आवाज वाढत होता. मी गच्चीचं दार उघडलं.

पाऊस मनापासून पडत होता. दोऱ्यांवरून हॉटेलच्या चादरी लोंबत होत्या, एकेकीच्या टोकातून धार. छप्पर पलीकडच्या टोकाला घडी होऊन स्वस्थ पडलं होतं. कठड्यावर सहावी बशी. तिच्यावर थेंब टपाटप आपटत होते, कडेवरून गोल ओघळत होते, आणि खाली तो सेन्सर ठणठणीत कोरडा! मी भिजत भिजत फोन पाहिला. पाऊस नाही. तापमान चोवीस. ते मात्र अगदी अचूक होतं.

बायको धावली आणि तिने हाताने बटण दाबलं. छप्पर घरघरत आलं आणि त्याने भिजलेल्या चादरी पावसापासून जपल्या. मला मनापासून वाईट वाटलं. स्वतःबद्दल नाही, तिच्याबद्दल. ती एका चादरीचं टोक पिळत उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात जिन्यातून सासूबाईंचा आवाज आला. "अगं, वरच्या फळीवरच्या माझ्या बशा कुणी हलवल्या?"

बिस्किटांचा पुडा हातात घेऊन त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चादरींकडे पाहिलं नाही. पावसाकडे पाहिलं नाही. त्यांची नजर सरळ कठड्यावर गेली. पाच बशा एकावर एक, आणि एक वेगळी.

"भोकं कुणी पाडली?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी सांगू लागलो, सेन्सरला सावली, वारा खेळायला फटी, दुकानदाराचा सल्ला. त्या ऐकून घेत होत्या. मग त्यांनी एकट्या बशीकडे बोट केलं. हिच्याखाली काय? मी म्हटलं, पावसाचा सेन्सर. त्यावर बशी का? मी म्हटलं, त्याला पाऊस लागू नये म्हणून.

हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं आणि माझ्याच कानांनी ते ऐकलं. तोपर्यंत ते नुसतं डोक्यात होतं, आणि डोक्यात असताना चांगलं दिसत होतं.

हॉटेलच्या बाईंच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. त्या कठड्याला टेकल्या, तोंडावर रुमाल धरला आणि हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सासूबाईंनी त्यांना बिस्किट दिलं, पुड्यातूनच, कारण बशी नव्हती.

बायकोने हातातली चादर सोडली आणि पुढे आली. "पावसाचं पाणी लागलंय, मी सगळ्या पुन्हा धुणार," ती म्हणाली. "उद्या तुमच्या कपाटात कडक इस्त्रीच्या चादरी मिळतील. एकीवर जरी डाग दिसला, तर पुढची खेप पाठवू नका."

बाईंनी ओल्या चादरीचा काठ बोटांत धरून पाहिला. उजेडाकडे करून पाहिला. मग बोटाकडे पाहिलं.

"धुणं चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पुढची खेप सुट्टीच्याच दिवशी येईल. फक्त एक करा. माझ्या चादरी वाळत असताना गच्चीत यंत्र नको, माणूस बसवा."

तिघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही खाली सगळ्या चादरी पुन्हा धुतल्या, पंख्याखाली वाळवल्या आणि इस्त्री केल्या. मी टोकं धरायला होतो. शेवटच्या चादरीची घडी घालताना बायको एकदम म्हणाली, "पाऊस लागू नये म्हणून!" आणि इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला हायसं वाटलं.

आता सगळं हॉटेल आमचं आहे. सासूबाई दुपारी व्यवस्थित झोपतात. सहाव्या बशीला भोक नव्हतं, म्हणून ती मला देऊन टाकण्यात आली आहे. माझं खाणं तिच्यातच येतं. दर सुट्टीला मी गच्चीत खुर्ची टाकून आभाळाकडे बघत बसतो, बटणाच्या शेजारी. तापमानाचा सेन्सर मात्र पाच बशांच्या सावलीत, वारा खात. मागच्या सुट्टीला ऊन डोक्यात जायला लागलं, आणि लांबून ढगही येताना दिसत होते. मी जिन्यातून खाली वाकून म्हटलं, "आई, निदान एक छत्री तरी द्या."

खालचं घोरणं थांबलं. मग सासूबाई झोपेतच बोलल्या, "तुम्हाला छत्री दिली, जावईबापू, तर पाऊस आला हे कळायचं कसं?"

आणि कूस बदलून पुन्हा घोरू लागल्या.