अंतोबा परंतुनवीस यांणी हरकत घेतली नाही, त्याची हकीकत

श्री. वाचेस बळ देणारी आणि वेळेवर ती आवरणारी जी देवता, तिचे पायी मस्तक ठेवोन लिहितो ऐसे जे, शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरे, वैशाखापासोन एका राज्यात जे वर्तले ते ऐकावे. त्या राज्याचे मूळपुरुष थोर पराक्रमी. त्यांणी एकदा भरल्या नदीत फौज घालावयाचे मनात आणिले आणि अवघे सरदार 'वाहवा' म्हणाले आणि फौज घातली आणि निम्मी वाहून गेली. मग मूळपुरुष काठावर ओले बसोन शपथ वाहते जाहले की, आजपासोन भर दरबारी कोणी 'परंतु' म्हटल्यावाचोन हुकुमावर शिक्का होणे नाही. होईल तर वंश बुडेल. याकामी परंतुनवीस म्हणोन हुद्दा निर्मिला, त्यास पांढरी पगडी दिली, आणि समासात 'परंतु झाले' ऐसा शेरा नसलेला हुकूम किल्लेदारापासोन न्हाव्यापर्यंत कोणीही मानू नये, ऐसा दंडक घातला. पहिले परंतुनवीस पुरते वाक्य बोलत. त्यातील तिघे कडेलोट पावले. मग चौथ्यापासोन ऐसी वहिवाट पडली की, हुकूम वाचून होताच परंतुनवीसांनी उठावे, 'परंतु' म्हणावे, खाकरावे आणि बसावे. महाराजांनी 'भले' म्हणावे. आणि शिक्का पडावा. ऐसे पाच पिढ्या राज्य सुखाने चालले. रयतेनेही शब्द उचलिला. विहीणबाई 'मानपान यथास्थित जाहला, परंतु' इतकेच म्हणोन उठल्या की वधूपिता पैठणी आणावयास माणूस धाडी. वैद्यबुवा 'औषध रामबाण आहे, परंतु' म्हणोन नाडी सोडीत आणि घरचे लोक रडावयास बसत. पुढचे कोणी बोलत नसे आणि अवघ्यांस कळत असे.

त्या साली महाराजांचे मनात नौकाविहार आला. शहराचे वरल्या अंगास ओढा अडवून तळे करावे आणि पावसाळ्यापूर्वी बांध उभा राहावा, ऐसी मर्जी. ओढ्याखाली कुंभारवाडा, तीनशे उंबरा. बांधाचे काम येसू पाथरवटाकडे. त्याणे पाया खणोन पाहिला आणि तडक परंतुनवीस अंतोबांचे ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, "पंत, खाली समदी वाळू हाय. पहिल्याच पुरात बांध जाईल आन् जाताना कुंभारवाडा घिऊन जाईल."

"मग दिवाणसाहेबांस सांग."

"सांगितलं की! ते म्हनले, परंतु म्हणायचा अधिकार तुझा नव्हे, त्यासाठी सरकारनं माणूस ठेवलाय."

अंतोबांनी डोईवर नसलेली पगडी सारखी केली. "मी नुसता शब्द म्हणतो रे बाबा. पुढचे म्हणावे, तर कडा काही फार दूर नाही."

तो आतून त्यांचे कुटुंब सगुणाबाई बोलल्या, "घरात बरा पुरता म्हणता येतो! आमटी छान आहे, परंतु मीठ कमी, परंतु फोडणी करपली. तिथे कधी खाकरून खाली बसला नाहीत ते!"

अंतोबा विचार करू लागले की, पुरते वाक्य बोलावे तर पहिल्याच शब्दाला शिक्का पडणार, आणि उरलेले कड्यावरोन बोलावे लागणार. मग दुसरे दिवशी दरबार भरला. दिवाण निळोपंतांनी तळ्याचा हुकूम वाचिला आणि कारकुनाने शिक्का उचलिला आणि अंतोबा उठले आणि मुजरा करोन म्हणाले, "हुकूम उत्तम आहे. माझी काही हरकत नाही." आणि बसले.

शिक्का हवेत. निळोपंत दबक्या आवाजे बोलिले, "पंत, शब्द राहिला."

"राहिला नाही, दिवाणसाहेब. घालावयास जागाच सापडेना. इतका निर्दोष हुकूम आजवर पाहिला नव्हता."

महाराजांस क्रोध आला. "अरे, विरोध करावयास तुला पोसला, आणि तू भर दरबारी होकार देतोस? हा फितवा आहे!"

"सरकार म्हणतात ते रास्तच असणार."

मग अंतोबांचे कैदेचा हुकूम लिहिला गेला आणि वाचिला गेला आणि शिक्क्यापाशी येऊन अडला. निळोपंत काकुळतीस आले. "निदान स्वतःचे कैदेस तरी परंतु म्हणा हो!"

"चांगली सोय होते आहे, दिवाणसाहेब. काय म्हणून म्हणू?"

दुसरा परंतुनवीस नेमावा, तर नेमणुकीचे हुकुमासही तेच. बिनशिक्क्याने धरावा, तर शिपाई म्हणत वंश बुडेल; कोणाचा, हे विचारावयास कोणी धजेना. एकवीस दिवस राज्यात एकही हुकूम निघाला नाही आणि रयतेस फार हलके वाटले. निळोपंत रोज अंतोबांचे घरी येत आणि ताक पिऊन तेच म्हणत, "एक शब्द, पंत. तुमचे वडील चाळीस वर्षे म्हणाले." अंतोबा म्हणत, "तेच तर." आणि येसू पाथरवट, शिक्क्यावाचोन चिऱ्यावर चिरा ठेवता येत नाही म्हणोन, पायावर बसोन तंबाखू मळी.

मग मृगाचे सातवे दिवशी ओढ्यास पूर आला. पायाचे जे चार चिरे हौसेने आगाऊ बसविले होते, ते वाळूसकट उठले आणि त्यातील एक कुंभारवाड्याचे पारास जाऊन टेकला. एक भट्टी विझली, माणूस शाबूत. महाराजांनी गच्चीवरोन पाहिले. महाराज खाली उतरले आणि तळ्याचा हुकूम स्वहस्ते फाडिला; फाडावयास शिक्का लागत नाही.

मग दरबारात दुसरा कागद वाचिला गेला: अंतोबा परंतुनवीस यांणी विरोध करण्याचे कामी हयगय केली, सबब बडतर्फ, आणि त्याच कागदी जागेवर नवी नेमणूक. कारकुनाने शिक्का उचलिला आणि सवयीने थांबला. अवघे अंतोबांकडे पाहू लागले. अंतोबा उठले आणि पगडी काढोन बैठकीवर ठेविली आणि "परंतु" म्हणाले आणि खाकरले नाहीत. शिक्का पडला.

तात्पर्य, तळे व्हावयाचे राहिले आणि कुंभारवाडा वाचला. अंतोबांचे जागी निळोपंतांचा भाचा आला. त्याचा उच्चार फार शुद्ध आहे. राज्य पूर्ववत सुखाने चालो लागले, आणि कुंभार वरल्या अंगास जागा पाहो लागले.