पाव किलोच्या वर नाही

मेश्राम काका पुस्तकं वजनावरून ओळखत. वाचकानं कादंबरीचं नाव सांगितलं की डोळे बारीक करून म्हणत, "म्हंजे ते पाऊण किलोवालं," आणि बरोबर तेच पुस्तक काढून आणत.

कोहमाऱ्याजवळच्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आणि ते शिपाई, असे आम्ही दोघंच. त्याआधी वीस वर्षं त्यांनी गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये पोती उचलली होती. शाळा चौथीपर्यंत. पुस्तकाविषयीचं त्यांचं मत वाचून नव्हे, उचलून तयार होई. एक जाडजूड चरित्र तळहातावर तोलून म्हणाले होते, "कागदच भारी आहे जी, अंदर काई नाही." मी ते वाचलं होतं. त्यांचं चुकत नव्हतं.

मला दिवस गेल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. पाचव्या महिन्यात एका सकाळी मी शब्दकोशाचा खंड उचलला, तर ते टेबलापलीकडून ओरडले, "ठेवा तो! दीड किलो आहे."

त्या दिवसापासून नियम सुरू झाले. आधी अर्धा किलो. सातवा लागला तेव्हा जाहीर झालं, "आता पाव किलोच्या वर हात लावाचा नाही." म्हणजे माझ्या वाट्याला मासिकं आणि कवितासंग्रह उरले. एका वाचकानं परत करायचा ग्रंथ माझ्यापुढे धरला, तर काकांनी तो मधेच हिसकला. "पोटुशीच्या हाती भारी देता? दिसून नाही राहिलं का?" मी रजिस्टरमध्ये तोंड खुपसलं. मी चढू नये म्हणून वाचनालयाचं स्टूल त्यांनी आपल्या घरी नेऊन ठेवलं. घरी ते आणि काकू, दोघंच. काकू त्या स्टुलावर बसून भाजी निवडतात, हे मला पुढे कळलं.

"आठवा लागला का घरी बसा," हे वाक्य तर रोजचं. कुलूप काढताना एकदा, पाणी देताना एकदा.

"आणि सुट्टी कुठून आणू, काका?"

खरी अडचण तीच होती. समितीनं मला तीन महिन्यांची रजा दिली होती आणि मी काम थांबवेन त्या दिवसापासून ती सुरू होणार होती. बाळंतपणाआधी जितके दिवस घरी बसेन, तितके दिवस पुढे बाळाजवळचे कमी. म्हणून कळा लागेपर्यंत यायचं असं मी ठरवलं होतं. काकांना हे एकदा नीट समजावलं. ते बराच वेळ मान हलवत राहिले. "असं होय जी," एवढंच म्हणाले.

आठवा लागला. दुसऱ्याच दिवशी धुतलेला सदरा घालून ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले. चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू होतं. "मॅडम, उद्यापासून तुमी येऊ नका."

माझे पाय सुजले होते, झोप झाली नव्हती, समोर तीन वाचक होते. मी म्हणाले, "काका, पुरे झालं आता. तुमच्या घरी कधी पाळणा हलला असता, तर तुमचं ऐकलं असतं."

आमच्याकडे 'शांतता राखा' अशी पाटी आहे. ती त्या दिवशी पहिल्यांदा पाळली गेली.

"बराबर आहे," काका म्हणाले आणि झाडू घेऊन बाहेर गेले.

त्यानंतर मी काहीही उचललं तरी ते बोलत नसत. काही आठवड्यांनी एका दुपारी माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. काकांनीच ऑटो आणला, दवाखान्यापर्यंत सोबत आले. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. रजा तिथूनच सुरू झाली आणि मुलगी तीन आठवड्यांनी झाली.

रजा संपली, तिला सासूबाईंजवळ ठेवून मी कामावर आले. काका पूर्वीसारखेच पुस्तकं आणून देत. फक्त वजनं सांगत नसत. मला माफी मागायची होती. नेमकं वाक्य सुचलं की बोलू, असं म्हणत राहिले. मुलगी दोन वर्षांची झाली आणि काका गेले.

शोकसभेत समितीचे सचिव, पटले गुरुजी, माझ्याशेजारी बसले होते. म्हणाले, "तुमच्या वेळेस आला होता तो माझ्याकडे. म्हणे, आठव्यापासून वाचनालय मी पाह्यतो, मॅडमची सुट्टी लेकरू झाल्यावरच मोजा. मी म्हटलं, रजिस्टर कोण लिहील? तर खिशातून कागद काढला. दहा पुस्तकांची नावं लिहून आणली होती, तुमच्या अक्षरासारखं अक्षर काढून. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. म्हणे, राहू द्या जी, मॅडमले नाही पाह्यजे." गुरुजी माझ्याकडे वळले. "नाही काऊन म्हटलं तुम्ही?"



मी कामावर परतले तेव्हा मुलीनं अजून मान धरली नव्हती. पुढच्या तीन आठवड्यांत, मी वाचनालयात असताना, तिनं ती धरली. त्याच दिवसांत काकांनी एकदा कपाटाकडे तोंड करूनच विचारलं होतं, "पोरीनं मान धरली का जी?"

"धरली."

"कोण्या दिवशी?"

मला ते माहीत नव्हतं.