ओव्याची धुरी

“एवढ्याशा धुरीसाठी आई कशाला हवी? मी आहे ना!” कुंदनने शर्टाच्या बाह्या सरसावल्या.

त्याची सासू राहीबाई रोज करावे गावातून वाशीला यायची, महिन्याच्या नातवाला न्हाऊ घालायची आणि शेगडीत ओवा टाकून धुरी द्यायची. आज गावात हळद होती, म्हणून ती अडकली. फोन करून विचारावं, तर फोनसाठी नाव नोंदवून दोन वर्षं होत आली, डबडं अजून घरात आलं नव्हतं!

त्यात संध्याकाळी घरमालक अब्दुर्रहमानशेठ येणार. भाड्याचा करार संपत आलेला. घर बघून पुढचं ठरवतो, म्हणाले होते. तान्ह्या पोराला घेऊन जायचं कुठे, या काळजीने कुंदनची झोप उडाली होती. आणि सर्दीने बेजार झालेलं पोरगं सकाळपासून टाहो फोडत होतं.

“चिमूटभरच टाका हां!” त्याची बायको मनस्वी आतून म्हणाली.

चिमूटभर ओवा भजीला ठीक आहे. एवढ्या सर्दीला कसा पुरणार? कुंदनने अख्खी पुडी निखाऱ्यांवर उपडी केली! वर बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या गच्च लावल्या. अति तिथे माती, हे जावयाला कोण सांगणार?

आधी घमघमाट सुटला. मग कुंदन दिसेनासाच झाला!

“अहो, कुठे आहात?”

“इथंच... बाळाला घेऊन शेजारी पळ!”

मनस्वी बाळाला गुंडाळून वेणूबाईंकडे धावली. कुंदनने चाचपडत खिडकी उघडली, तसा धूर भस्सकन बाहेर पडला. खालून आरोळी आली, “आग! आग! सिलिंडर बाहेर काढा!”

अर्धी सोसायटी बादल्या घेऊन वर आली. आग नाही, हे सांगायला कुंदनने तोंड उघडलं. पण खोकल्यापुढे शब्द फुटेना. एक बादली शेगडीवर गेली, एक गादीवर, बाकीच्या सगळ्या कुंदनवर!

एवढ्यात दारात अब्दुर्रहमानशेठ! काळवंडलेल्या भिंती, खोलीभर राखेचा चिखल आणि मधोमध निथळणारा भाडेकरू. संपलं! गेलं घर!

शेठनी नाक वर करून हुंगलं. “भजी तळत होतास काय रे?”

“नाय शेठ... बाळाला धुरी...”

“ओव्याची? बाळ बरा हाय ना?”

“झोपलाय,” दारातून मनस्वी म्हणाली.

शेठनी भिंतीवरून बोट फिरवलं, काजळी निरखली. मग म्हणाले, “राहा बाबा. खुशाल राहा.”

कुंदनला रडूच कोसळलं. “शेठ, तुमचे लय उपकार झाले!”

“उपकार कसले? पुढच्या महिन्यात आमची लेक समरा बाळंतपणाला येते. तिची शेगडी रोज इथंच पेटवू. माझ्या घराला आताच नवीन रंग दिलाय!”