सोनाळ्याचा अर्धा चुडा आणि मिशीचा तह

विघ्नहर्त्यास नमन, कुलदैवतास नमन, आणि पोरांदेखत जीभ आवरून बोलणारे कोणी मायबाप या मुलखी असतील तर त्यांसही नमन. आम्हांस अद्याप आढळले नाहीत. शके अठराशे एकोणपन्नास, प्रभवनाम संवत्सर, वैशाख शुद्ध सप्तमी. वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलेले, अंमल विलायती साहेबाचा, आणि त्याहून कडक अंमल उन्हाचा. ते समयी मौजे सोनाळा येथे जे रण माजले, कोण कोण गारद जाहले, आणि तह कोणत्या कलमांवर ठरला, याचा करीना जैसा घडला तैसा लिहितो. साहेबाच्या दफ्तरी याची नोंद नाही. साहेबास बांगड्यांतले काय कळणार कपाळ?

मौजे मजकुरी राजमान्य राजेश्री भगवंतराव, कपाशीच्या मोठ्या जमिनीचे धनी, राहत असत. त्यांच्या मिशा कानापावेतो गेलेल्या, रोज तेल लावून पिळलेल्या, आणि त्या घरात मिशीचा मान फार मोठा, मात्र ती धन्याच्या तोंडी असेल तर. त्यांचे कुटुंब सत्यभामाबाई. वडील कन्या कौशल्या, जिची हळद त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत लागावयाची. आणि धाकटी कन्या मनकर्णाबाईसाहेब, वय वर्षे पाच, पुढील दोन दात पडलेले, प्रश्नांचा तोफखाना सदा भरलेला.

आता दस्तूर ऐकावा. हळदीआधी नवरीचे दोन्ही हात हिरव्या चुड्याने भरावे, ज्या हाताने चुडा आरंभिला त्याच हाताने तो पुरा करावा, आणि बांगड्या भरणाऱ्या एका मनेराचे गाव दुसऱ्या मनेराने भरू नये, ऐसा तिकडील पक्का कायदा. सोनाळ्याची सनद सुगराबी मनेरणीकडे, तिच्या सासूपासून चालत आलेली. सत्यभामाबाई नवरी होऊन या गावी आल्या तेव्हा त्यांचा हात सुगराबीनेच भरिला होता. सुगराबीचे वय पन्नाशीपलीकडे, हात लोण्यासारखा, आणि वरच्या ओठावर ईश्वरकृपेने बऱ्यापैकी मिसरूड. हे मिसरूड साऱ्या गावाने पाहिले होते आणि साऱ्या गावाने त्याविषयी बोलून घेतले होते, फक्त तिच्या माघारी. यालाच आम्ही मोठी माणसे सभ्यता म्हणतो.

दुपार टळली, मांडवात बायाबापड्यांची गर्दी जाहली, सुगराबीने पाटावर बैठक मारिली आणि नवरीचा डावा हात सर केला, एकही काच न पिचवता, आणि मग उजवा हात धरावयास वाकली, तो मनकर्णाबाईसाहेबांचे तोंड तिच्या तोंडाशी आले, आणि बाईसाहेबांनी न्याहाळून पाहिले, आणि मग भर दरबारी सवाल टाकिला :

“खाला, तुले मिशा काऊन आल्या वं?”

सुगराबीने पोरीकडे पाहिले आणि पोट धरून हसली.

“अल्लानं देल्ल्या, बेटी. माह्या बापाच्या होत्या. मले आवडल्या, म्हनून मांगून घेतल्या.”

पोरीस जाब पटला आणि ती बांगड्यांच्या माळा मोजू लागली. ऐसियास, वाचकहो, लढाई येथेच संपली होती. सवाल जाहला, जवाब जाहला, दोन्ही पक्ष खुशाल. कोणी गप्प बसले असते तर आमची शाई वाचली असती. परंतु मायबाप गप्प बसतील ते मायबाप कसले?

ओसरीवरून भगवंतरावांची गर्जना उठली, “कोन बोललं बे ते? माफी माग आदी!” आणि मग सत्यभामाबाई चाल करून आल्या, आणि त्यांनी पोरीच्या मांडीस असा चिमटा घेतला की पोरीने टाहो फोडिला, आणि मग बाईंनी, चार बायांस आपले वळण दिसावे म्हणून, तो सवाल केला जो शहाण्या माणसाने पोरास कधीच करू नये :

“कोठून शिकली वं हे? कोनं शिकवलं तुले?”

पोर खरे बोलणारे होते. मार खाऊन तर फारच खरे बोलणारे.

“तूच तं म्हनते ना! ‘आली पाहा मिशीवाली’ म्हनून! रोज म्हनते!”

हा गोळा कोठे पडला ते सांगावयास नको. मागून एक बाई फिसकन हसली, तिचे नाव आम्हांस ठाऊक आहे पण लिहीत नाही. सुगराबी हसली नाही. जी पोरीच्या तोंडून ऐकून पोट धरून हसली, तिचा चेहरा त्याच शब्दाने उतरला. तिने हिरव्या माळा एकेक टोपलीत ठेविल्या, फडक्याची गाठ मारिली, आणि उठता उठता येवढेच बोलली :

“तीस वर्ष झाले बाई, तुमचा हात धरते मी. राहू द्या. मिशीवालीच्या हातानं पोरीचा उजवा हात नोका भरू.”

आणि निघून गेली. नवरीचा डावा हात कोपरापावेतो हिरवा, उजवा हात भुंडा. ऐसे रूप त्या मांडवाने पूर्वी पाहिले नव्हते. बाया पदराआड कुजबुजू लागल्या की अर्ध्या चुड्याची हळद वाईट, नवरदेवाकडच्या मंडळीच्या कानी गेले तर काय होईल, आणि कौशल्या तो मोकळा हात पदरात लपवून खाली मान घालून बसली.

मग माजघरात मसलत बसली. भगवंतरावांचे मत पडले की संग्रामपूरचा मनेर आणावा. तेथे धावविलेला गडी हात हलवीत परत आला, कारण दुसऱ्याचे गाव तो मनेर कदापि भरीना. सत्यभामाबाईंचे मत पडले की सारा दोष पोरीचा. तेव्हा नवरीचा मामा इंद्रभान, ज्यास आपल्या गोड जिभेचा फार गर्व, तो वकिलीस उभा राहिला. नारळ घेतला, खण घेतला, मनकर्णाबाईसाहेबांस बोटाशी धरिले, आणि वाटेने तिजकडून माफीचा पाठ तीन वेळा घोकून घेतला, आणि वर ज्ञान दिले की, बाई, मोठ्या मानसाच्या अंगावरचं काई दिसलं तरी दिसलं म्हनू नाही, मले तं काई दिसत नाही असं म्हनावं, त्यालेच वळन म्हनतात.

वकील सुगराबीच्या दारी पोचला, आणि पोरीने पाठ म्हणण्याआधीच आपली अक्कल पाजळिली :

“सुगराबी, कोनाच्या बोलन्यावर जाता? मिशा कोठं हायेत? मले तं काई दिसत नाही!”

सुगराबीने त्यास नखशिखांत पाहिले.

“काऊन? आंधये झाले का? माह्या घरवाल्याले दिसल्या, गावाले दिसल्या, या लेकराले दिसल्या, अन् तुमालेच दिसत नाहीत? आदी डोये दाखवा कोनाले, मंग या.”

पोरीस मात्र तिने जवळ बसवून मूठभर फुटाणे दिले. वकिलाचा पुरता फज्जा उडाला, आणि नारळ जसा गेला तसा परत आला.

मग भगवंतरावांचा संताप अनावर जाहला, मिशीस पीळ बसला, आणि कोतवालाहाती हुकूम रवाना जाहला की, “गावात राह्याचं हाये का नाही, इचारून ये.” कोतवाल बिचारा गेला आणि जवाब घेऊन आला की, “राह्याचं हाये. म्हनूनच घरी बसली, नाहीतं लय बोलली असती.” यावर धन्याच्या मिशीचा पीळ सुटला. ऊन सातपुड्याच्या अंगास कलले, हळद वाटून वाळू लागली, आणि घरात जो तो पोरीवर डाफरू लागला, कारण तेवढे एकच माणूस उलट मारणारे नव्हते.

तेव्हा सकाळपासून एक शब्द न बोललेली नवरी बोलली. पदराआडचा भुंडा हात बाहेर काढिला आणि मातोश्रींपुढे धरिला.

“आई, म्हनलं तं तूच होतं ना? मंग मामाले काऊन पाठवलं? तू जाय.”

सत्यभामाबाईंनी त्या हाताकडे पाहिले. लेकीचे डोळे भरलेले होते. मग बाई उठल्या. ना छत्री, ना दासी, ना नारळ. धाकटीस बोटाशी धरून भर गावातून पायी निघाल्या, आणि पारावरले लोक बोलावयाचे थांबून पाहू लागले. वाटेने बाईंनी मनात पुष्कळ फौज जमविली : पोर अज्ञान आहे, शेजारच्या पोरींनी शिकविले, आम्ही तर मायेने म्हणतो. दारी पोचेपावेतो सारी फौज पळाली. सुगराबी उंबऱ्यात उभी होती, आणि बाईंच्या तोंडून निघाले ते येवढेच :

“सुगराबी, पोरीनं नाही म्हनलं. म्या म्हनलं. मांगून म्हनलं, लय दिवस म्हनलं. चुकलं माहं.”

हे बोलताना बाई रडल्या. आम्ही या गावच्या पुष्कळ लढाया लिहिल्या, परंतु इतक्या लहान वाक्यास इतकी छाती लागलेली पाहिली नाही.

सुगराबीने टोपलीची गाठ सोडून तहाची कलमे सांगितली. पहिले कलम की, आधी तुमचा हात द्या. आणि मग तिने एक माप लहान अशा बांगड्या काढिल्या आणि बाईंचा पंजा असा दाबिला की बाईंस ब्रह्मांड आठवले, आणि भरता भरता म्हणाली, “हात हाये का मुसय, बाई? असा जाडा हात सोनाळ्यात दुसरा नाही. तीस वर्ष म्हनलं नाही कोनापाशी, आज तोंडावर म्हनते.” बाईंनी ओठ चावून सोसले. बारा बांगड्या चढल्या, एकही पिचली नाही, ऐसा सुगराबीचा हात. दुसरे कलम की, इचाराचं तं तोंडावर इचारा, या लेकरावानी. मांगून बोलाल तं पुढल्या पोरीले चुडा नाही. दोन्ही कलमे कबूल जाहली, आणि मग सुगराबी टोपली डोईवर घेऊन निघाली.

दिवे लागण्याआधी नवरीचा उजवा हात भरला. हळद लागली. वाजंत्री वाजली. कौशल्येने दोन्ही हात सर्वांस दिसतील असे मांडीवर ठेविले, आणि सत्यभामाबाई मांडवाच्या खांबाशी धाकटीस घेऊन टेकल्या, आणि आपल्या रुतलेल्या बांगड्यांकडे पाहत, हसत, पोरीस विचारते जाहल्या :

“मने, खरं सांग. माहे हात खरंच एवढे जाडे हायेत का वं?”

मनकर्णाबाईसाहेबांनी हात पाहिले. मग आईचे तोंड पाहिले. मग दुपारचा चिमटा, बापाची गर्जना आणि मामाचे ज्ञान ही सारी जमा करून, मोठ्या अदबीने जबाब दिला :

“कोठं? मले तं काई दिसत नाही.”

मामाने टाळी वाजविली. भगवंतरावांनी मिशीवरून हात फिरविला आणि पोरगी वळणावर आली म्हणून मांडवात साखर वाटण्याचा हुकूम सोडिला. येणेप्रमाणे शके मजकुरी वैशाख शुद्ध सप्तमीस सोनाळ्याची मोहीम फत्ते जाहली, चुडा पुरा जाहला, मनकर्णाबाईसाहेबांचे खरे बोलणे त्याच दिवशी धारातीर्थी पडले, आणि साखर मांडवात सर्वांस पावली. सुगराबीने आणि सत्यभामाबाईंनी ती घेतली नाही.