बहीण कितीही वेळ थांबेल

लिहिणारा मेल्यावर काही वर्षांनी त्याची गोष्ट सर्वांची होते, आणि जे सर्वांचं असतं त्याला कुणीही हात घालावा, हा जगाचा नियम आहे. जुन्या कथांवरून संगणकावरचे साहसी खेळ बनवणारा एका कंपनीचा विभाग याच भक्कम पायावर उभा होता.

विभागातल्या लेखकाने यंदा त्याच्या आत्याने त्याला लहानपणी सांगितलेली एक जुनी गोष्ट निवडली. आजारी बहिणीचं पत्र येतं, भाऊ 'निघतोच' म्हणत रेंगाळतो, पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. ती ऐकून तो दोन दिवस जेवला नव्हता. खेळणाऱ्याच्याही घशाशी घास अडावा, एवढीच त्याची इच्छा होती.

चाचणीला चाळीस जण बसवले. (पैकी दोघे नुसते एसीसाठी आले होते, त्यांचे अभिप्राय सर्वांत सविस्तर.) चाळीसही जणांनी पत्र न वाचता खिशात टाकलं. वाटेत शोभेपुरते बेडूक ठेवले होते. ते सरासरी अकरा तास पकडले गेले. शेवटी बहीण गेलेली पाहून छत्तीस जणांनी लेखी तक्रार केली, की पूर्वसूचना मिळाली नाही. उरलेले चौघे अजून बेडूक पकडत होते.

कंपनीच्या समितीने तक्रार रास्त मानली. बहिणीचं मरण रद्द झालं आणि बेडकांच्या जाती तीनवरून साठ झाल्या.

"मग गोष्टीत उरलं काय?" लेखक कळवळून म्हणाला.

"बहीण आहे की!" विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "दारात उभी राहील. कितीही वेळ. कुणाचीच गैरसोय नाही."

लेखकाला रडू येत होतं. तरी तो मुकाट्याने बेडकांची वर्णनं लिहायला बसला. तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"येणार होतास ना रे? दोन दिवस जरा दम लागतोय. घाई नाही हं, सवडीने ये."

"निघतोच आत्या. एवढे साठ बेडूक होऊ देत."

आत्या थांबेल, याची त्याला खात्री होती. समितीचा ठराव तिला कळवायचा मात्र राहून गेला. चौतिसाव्या बेडकाला पुन्हा फोन वाजला. या वेळी आत्याची शेजारीण बोलत होती.

ही हकिगत वाचायला सरासरी दोन मिनिटं लागतात. तुमचीही कुणी वाट पाहत असेल, तर तेवढा उशीर हिशेबात धरलेला आहे. (तक्रार असल्यास, पूर्वसूचना मिळाली नाही, एवढं मात्र लिहू नये.)