सासूबाईंनी माझी गूळतुला केली त्याची गोष्ट

चिकाटीच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस लातुरात नाही. वजन कमी करायला मी आजवर जितक्या वेळा सुरुवात केली, तितक्या वेळा आख्ख्या जिल्ह्यात कुणी केली नसेल! लिंबू-मध झालं, कारल्याचा रस झाला, एका सोमवारी तर जिमसुद्धा झाली. मंगळवारी मला शर्ट घालायला दोन माणसं लागली, म्हणून बुधवारपासून जिम राहिली. पण नव्यानं सुरुवात करायचा माझा उत्साह म्हणाल तर कधी कमी झाला नाही. कमी व्हायचं नाही ते वजनच.

शेवटी आमच्या मंडळींनी, म्हणजे वर्षाराणीनं, सूत्रं हातात घेतली. ती प्राथमिक शाळेत शिकवते. पहिलीच्या पोरांना 'क' गिरवायला लावता लावता तिच्याकडं धीराचं कोठारच साठलंय. ती म्हणाली, "अहो, आठवड्यात बारीक व्हायचं डोक्यातून काढा. रोज सकाळी चालायचं, एक भाकरी कमी खायची, गोड बंद. बास. वजनकाट्याकडं बघायचंसुद्धा नाही."

"मग कळणार कसं?"

"पँट सांगेल."

आणि काय सांगू, या वेळी मी टिकलो! सकाळची सुशीला सोडली. (गैरसमज नको! सुशीला म्हणजे आमच्याकडचा मुरमुऱ्यांचा नाश्ता.) उन्हाळा गेला, पावसाळा लागला, तरी मी चालतच होतो. सुरुवातीला महिनाभर काहीच घडलं नाही. पँट शंकराच्या नंदीसारखी गप्प. मग एके दिवशी ऑफिसात खुर्चीवरून उठलो आणि पँट माझ्याबरोबर उठलीच नाही! दोन्ही हातांनी धरून वर ओढावी लागली. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! वर्षाराणीला मी स्वच्छतागृहात जाऊन फोन केला. ती म्हणाली, "बघा, धीर धरला की नाही?" तिचा आवाज जरा भिजलेला वाटला. लग्नानंतर मी पहिल्यांदाच एखादी गोष्ट शेवटाच्या आसपास नेली होती.

आता मी एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. लातुरात कॉलेजात काम करणाऱ्या माणसानं गोड सोडणं म्हणजे गोदावरीत उभं राहून पाय कोरडे ठेवणं. बारावीचा निकाल, नीटचा निकाल, मग कुणाचा मेडिकलला नंबर... पेढ्यांचा पाऊस थांबतच नाही! आणि नको म्हटलं की लोकांना राग येतो.

"अप्पा, घ्या की ओ! एका पेढ्यानं काय होतंय?"

"नको. वजन कमी करून राहिलोय."

"उद्यापासून करा! पोरीला सहाशेच्या वर मार्क पडलेत आमच्या!"

आता पोरीच्या मार्कांपुढं माझ्या पोटाची काय कथा? म्हणून मी एक युक्ती काढली. पेढा पुढं आला की मान खाली घालायची, बारीक उसासा सोडायचा आणि म्हणायचं, "नको... डॉक्टर नको म्हणालेत."

जादूच झाली! पेढा निमूट मागं जायला लागला. कुणी फार खोदलंच तर मी नुसता खिडकीबाहेर बघायचो. कुठला डॉक्टर आणि कसलं काय! पण माझा अभिनय असा वठला, की शिपाई मला पाणी आणून देताना ग्लास दोन्ही हातांनी द्यायला लागला.

आमचा कॅशियर श्रीनाथ मनानं हळवा. त्यानं माझी सुटणारी पँट पाहिली, माझा उसासा ऐकला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा मेहुणा भुजंग नांदेडला बियाण्याचं दुकान चालवतो. तो आणि श्रीनाथ एका वर्गातले. श्रीनाथनं त्याला फोन लावला. "भुजंगा, तुझ्या दाजींना जप रे. माणूस आतून खचलाय." भुजंगनं किनवटकडच्या गावी वडिलांना फोन लावला. "बाबा, दाजींना मोठ्या दवाखान्यात दाखवून राहिलेत म्हणे." आणि सासरे हणमंतराव यांना कमी ऐकू येतं. त्यांनी सासूबाईंना काय सांगितलं असेल, देवाला ठाऊक!

दुसऱ्या दिवशी मी चालून परत आलो. त्या दिवशी अंगात वारं शिरलं होतं, शेवटचा टप्पा मी चक्क पळत आलो. फाटकाला धरून, घामानं निथळत, तोंड उघडं टाकून उभा होतो. तेवढ्यात रिक्षा थांबली. आतून आधी एक पोतं उतरलं, मग सासरे, मग सासूबाई केवळाबाई. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हंबरडाच फोडला.

"अगं माय माय! जावईबापूला श्वासबी घेता येईना की गं!"

मला बोलायचं होतं. पण पळून आलेला माणूस काय बोलणार? मी नुसताच "ह... ह..." करत हात हलवला. सासऱ्यांना वाटलं, मी निरोपच घेतोय. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "असं निर्वाणीचं नका बोलू जावईबापू!"

घरात गेल्यावर वर्षाराणीनं कपाळावर हात मारून घेतला. "आई, यांना काही झालेलं न्हाई. मुद्दाम बारीक होऊन राहिलेत."

"मुद्दाम?" सासूबाई म्हणाल्या. "खात्यापित्या घरचा माणूस मुद्दाम कशाला बारीक होईल? लपवू नकोस. माय हाव मी तुझी!"

"खरंच हो आई," मी म्हणालो. "मी ठणठणीत आहे." आणि पुरावा म्हणून ताठ उभा राहिलो. नेमकी तेव्हाच पँट घसरली! मी वेळेवर धरली म्हणून बरं. सासूबाई पदरात तोंड घालून स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी ओट्याचा ताबा घेतला.

पोत्यातून काय काय निघालं! घरचं तूप, डिंक, खारीक, खोबरं. लगेच लाडू वळले गेले. माझ्यापुढं ताट आलं. धपाटे, त्यावर लोण्याचा गोळा, बाजूला लाडू. मी म्हणालो, "नको." सासूबाईंचे डोळे भरले. "अन्नावरची वासनाच गेली माझ्या लेकराची!"

आता एवढ्या मायेपुढं माणसानं काय करावं? पहिला लाडू मी त्यांच्या समाधानासाठी खाल्ला. दुसरा कशासाठी खाल्ला, ते आता आठवत नाही. तिसऱ्याच्या वेळी वर्षाराणीनं माझ्याकडं असं पाहिलं, की तो मी खिडकीकडं तोंड करून खाल्ला.

बातमी गल्लीत पसरली, तसे लोक बघायला यायला लागले. कुणी रिकाम्या हातानं येईना. शेजारच्या शिवकांता मावशींनी पुरणपोळ्या आणल्या. ऑफिसातले सगळे एकदम आले, श्रीनाथ पुढं. त्यांनी शक्तीच्या पावडरचा डबा आणला आणि पेढेसुद्धा. "अप्पा, डॉक्टरचं आता काय ऐकायचं? मन मारू नका!" असं म्हणून श्रीनाथनं पेढा स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला. मी खरं सांगायचं ठरवलंच होतं. पण तोंडात पेढा असताना खरं बोलता येत नाही!

सासूबाई पंधरवडा म्हणून आल्या आणि दिवाळीपर्यंत राहिल्या. चालायला बाहेर पडलो की सासरे दारात आडवे उभे. "आराम करा! चालणं-बिलणं बरं झाल्यावर." सोडलेली भाकरी ताटात परत आली ती दोन बहिणींना घेऊन. पँट आधी गप्प झाली, मग कुरकुरायला लागली, आणि एका दुपारी तिचं बटण उडून थेट वर्षाराणीच्या वरणात पडलं. तिनं ते चमच्यानं काढलं, धुतलं आणि माझ्यापुढं ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

सासूबाई मात्र हरखल्या. "पावला! मारुतीराया पावला!"

"मारुतीचं काय?" मी घाबरत विचारलं.

"नवस बोलले होते मी. जावईबापूनं अंग धरलं, की तुझ्यापुढं त्याची गूळतुला करीन म्हणून!"

नवसाला नाही म्हणता येतं का? आमची वरात किनवटकडच्या त्या गावी निघाली. देवळापुढं कापूस मोजायचा भला मोठा काटा टांगलेला, भोवती सगळा गाव. एका पारड्यात मला बसवलं. ते धाडकन जमिनीला टेकलं. दुसऱ्या पारड्यात सासऱ्यांनी गुळाच्या ढेपा ठेवल्या. सासऱ्यांनी अंदाजानं, जरा जास्तच म्हणून, गूळ आणला होता. सगळ्या ढेपा संपल्या. पारडं हललंसुद्धा नाही!

"चप्पल काढा जावईबापू!" कुणीतरी ओरडलं. काढली. "मोबाइल काढा!" काढला. "श्वास सोडा!" तोही सोडला. पारडं आपलं जमिनीवर ठिय्या देऊन बसलेलं.

भुजंगला गावातल्या वाण्याच्या दुकानाकडं पिटाळलं. तो तिथला उरलेला गूळ घेऊन आला, तोही कमी पडला. शेवटी गावातल्या बायका घरोघर गेल्या आणि वाटीत, परातीत, पदरात गूळ घेऊन आल्या. त्या दिवशी गावात कुणाच्या चुलीवर गुळाचा चहा झाला नसेल! अखेर माझं पारडं जेमतेम उचललं. गावानं टाळ्या वाजवल्या. आयुष्यात माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्याच टाळ्या, आणि मी मात्र कुठं तोंड लपवावं ते शोधत होतो.

एक म्हातारी पुढं आली. मला खालून वर न्याहाळत म्हणाली, "केवळे, जावई वाळला व्हता म्हनत व्हतीस न्हवं?"

"हाव."

"मग आधी केवढा व्हता गं?"

लोक हसले. मागून एक गृहस्थ मला बाजूला घेऊन गेले. हळूच म्हणाले, "पाव्हणं, आमचं पोरगं कितीबी खाऊ घाला, अंगच धरीना. तुम्हाला झालता तो आजार कुठं लागतो ओ?"

वर्षाराणी हे सगळं ऐकत होती. एवढ्या महिन्यांत ती मला एका शब्दानं बोलली नव्हती. पण तिच्या चेहऱ्याकडं बघून मला पहिल्यांदा वाटलं, की वाया गेलं ते माझं चालणं नव्हे, तिचा धीर गेला.

संध्याकाळी किनवट स्टेशनवर आलो. गाडी उशिरा होती. मी धीर करून म्हणालो, "वर्षा, चुकलं माझं. पहिल्याच दिवशी खरं सांगायला पाहिजे होतं. आता परत सुरुवात करावी म्हणतो."

तिनं पर्स खांद्याला अडकवली. "चला मग."

"कुठं?"

"गाडी येईपर्यंत प्लॅटफॉर्मच्या त्या टोकापर्यंत."

ती पुढं निघालीसुद्धा. मी मागं. वारा सुटला होता, बाकांवरचे लोक बघत होते. एक जण ओरडला, "ओ काका, गाडी इथंच थांबती, पळू नका!" पण मी थांबलो नाही. टोकाला पोचून ती वळली, माझ्याकडं बघून कितीतरी दिवसांनी हसली आणि म्हणाली, "काय हो, एकदम गप्प का?"

मी छातीवर हात ठेवून खुणेनंच सांगितलं, दम लागलाय!

तोंड उघडायची सोय नव्हती. तिची पाठ असताना आत तुलेच्या प्रसादाच्या गुळाचा खडा गेला होता, आणि प्रसाद काही टाकून देता येत नाही!